सहा कोळंब्या

सोमवारी सकाळी सेलेदोनियोने दार वाजवलं, तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"बासिलिसाला उर्बानोने मारलं नाही," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "पण संध्याकाळी पोलीस त्याला नेणार आहेत. आणि ते माझ्या जबाबामुळे."

असेन्सियोन लारेआने त्याला आत बसवलं. वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे उघडे पाडून आता ती खासगी तपास करत होती. सेलेदोनियो तिचा शाळेपासूनचा मित्र. बसचालक म्हणून निवृत्त झालेला, मनाने निर्मळ, डोक्याने जरा सावकाश. गेली तीस वर्षं तो दुपारी बासिलिसाच्या बारमध्ये उभा असे.

तो बार काराबान्चेल वस्तीत सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. एक लांब काउंटर, पाच डुगडुगती टेबलं, मेन्यूकार्डाचा पत्ता नाही. गुरुवारी वजडी, रोज बटाट्याचं जाड ऑम्लेट, रविवारी प्रार्थनेहून परतताना व्हर्मुत, म्हणजे मसाल्यांची गोडसर वाइन. लोक काउंटरला टेकून खात आणि बिया, टरफलं, कागदी रुमाल सरळ पायाशी टाकत. पायाखाली कचरा करकरला की समजायचं, इथलं खाणं चांगलं. तीन वाजता वेटर उर्बानो झाडू काढी, त्याआधी नाही.

काल सव्वादोनला बासिलिसा तळघरात मेलेली सापडली. पिंपाचं बूच ठोकायच्या लाकडी हातोड्याचा घाव, डोक्याच्या मागे. हातोड्यावर उर्बानोच्या बोटांचे ठसे होते.

"ते असणारच. रोज तोच वापरतो," असेन्सियोन म्हणाली. "तू काय सांगितलंस?"

"की उर्बानो दोनदा आत गेला. खाटीक ब्लास एकदा संडासात गेला. आणि तिचा भाचा लेआंद्रो माझ्या शेजारून हललाच नाही."

"नक्की?"

"अगं, त्याचा ग्लास माझ्या कोपराशी, कोट खुंटीवर. जाईल कुठे? मी त्या वेळी ब्लासशी फुटबॉलवरून भांडत होतो."

ब्लास तर आधीच सुटला होता. संडासाच्या बोळातूनच तळघराचा जिना उतरतो हे खरं, पण तो मिनिटभरात परत आला होता. बासिलिसा त्यानंतर खाली गेली. राहिला उर्बानो.

इन्स्पेक्टर पेराल असेन्सियोनला ओळखत होता. त्याने कुरकुरत बारचं सील काढलं. कालपासून कोणी काही हलवलं नव्हतं. फरशीवर बिया, रुमाल, सुकलेली टरफलं तशीच पडली होती.

चौकशीला बोलावलेला उर्बानो रिकाम्या काउंटरमागे उभा होता. साठीचा, वाळलेला. असेन्सियोनने विचारलं त्याची त्याने मुकाट्याने उत्तरं दिली. आपण दोनदा आत गेलो ते स्वयंपाकघरात, ऑम्लेट उलटायला, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्याने सवयीने बरणीतलं एक ऑलिव्ह तोंडात टाकलं आणि बी ॲप्रनच्या खिशात ठेवली.

"काल खायला काय होतं?"

"डुकराचे तळलेले तुकडे, ताई. ऑलिव्ह. कोळंब्या सहाच मिळाल्या होत्या, त्या बाईंनी लेआंद्रोसाठी राखल्या. त्याला लहानपणापासून आवडतात. स्वतः भाजून त्याच्यापुढे ठेवल्या."

ब्लासला बोलावलं. गुरुवारसाठी त्याने जुनी वजडी दिली म्हणून शनिवारी बासिलिसाने भर दुकानात त्याची खरडपट्टी काढली होती. तो ते नाकारत नव्हता. "पण म्हणून कोणी जीव घेतं का? वस्तीत तिच्यासारखी वजडी कोण करणार आता?" म्हणत त्याने डोळे पुसले.

"तुम्ही कोळंबी चाखली नाही?"

"मी? एक खाल्ली तरी माझं तोंड भोपळ्याएवढं सुजतं."

लेआंद्रो सर्वांत शेवटी आला, काळा टाय लावून. बार विकून तिथे मोठं रेस्टॉरंट काढायला गिऱ्हाईक आणलं होतं, हे त्याने स्वतःच सांगितलं. आत्या नको म्हणाली, विषय संपला.

"मी या कोपऱ्यात उभा राहिलो, सहाच्या सहा कोळंब्या खाल्ल्या, ती सापडल्याचा ओरडा ऐकल्यावर धावलो. सेलेदोनियोकाकांना विचारा."

सेलेदोनियोला मान खाली घालावी लागली.

असेन्सियोन गुडघ्यांवर बसली आणि पेन्सिलीने त्या कोपऱ्यातला कचरा चिवडू लागली. मग ती तळघरात उतरली. सेलेदोनियो मागोमाग गेला. खाली अजून ब्लीचचा वास होता. रविवारी उघडण्याआधी बासिलिसा ती फरशी स्वतः घासत असे, हे त्याने कित्येकदा पाहिलं होतं. एरवी तिच्यावर सांडलेलं पाणी प्यावं इतकी ती फरशी स्वच्छ. पिंपाच्या मागे मात्र थोडा कचरा दिसत होता.

"पेराल," असेन्सियोनने हाक मारली, "हे तुम्ही पाहिलंत?"

"टरफलं? बार आहे बाई हा. टरफलं असायचीच."

"म्हणूनच तुम्ही पाहूनही पाहिली नाहीत."

वर येऊन तिने सर्वांना काउंटरशी उभं केलं.

"वरती टरफलं पडणारच. पण खालची फरशी बासिलिसाने काल सकाळी घासली. म्हणजे तिथे पडलेलं सगळं त्यानंतरचं. खाली कोळंबीची चार डोकी आहेत. कालच्या कोळंब्या सहाच. ब्लासने खाल्ल्या असत्या तर तोंड सुजलं असतं, आणि काल त्याला सगळ्यांनी पाहिलंय."

"मग उर्बानोने चोरून खाल्ल्या," लेआंद्रो म्हणाला.

"सहाच्या सहा तूच खाल्ल्यास ना? आणि उर्बानो रोज हा कचरा झाडतो. तो जमिनीवर काही टाकत नाही. मघाशी एका ऑलिव्हची बीसुद्धा त्याने खिशात घातली." ती लेआंद्रोकडे वळली. "तुझ्या कोपऱ्यात डोकी किती आहेत, सांगू? दोन. दोन वर खाल्ल्यास. आत्या खाली गेलेली पाहिलीस, बशी हातात घेतलीस आणि खात खात बोलायला गेलास. हाताला सवय लागलेली, तो विचारत बसत नाही. डोकी तिथेच टाकलीस आणि रिकामी बशी घेऊन वर आलास."

सेलेदोनियोने कालची दुपार आठवून पाहिली. ग्लास होता, कोट होता. बशी? बशी त्याला आठवतच नव्हती.

लेआंद्रोने टायची गाठ सैल केली.

"मारायला नव्हतो गेलो," तो म्हणाला. "मी विक्रीचं बोलत होतो आणि ती ऐकतच नव्हती. 'आधी खा, गार होतील' म्हणाली. लहान पोराला सांगावं तसं. आणि पाठ फिरवून पिंपाकडे वळली."

पेराल त्याला घेऊन गेला. ब्लास ढसाढसा रडत बाहेर पडला. असेन्सियोनही दारात जाऊन थांबली.

उर्बानोने झाडू काढला. बार आता कोणाचा, उद्या दार उघडेल का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मी चुकलो रे," सेलेदोनियो म्हणाला. "मला वाटलं..."

"तीस वर्षं तू माझ्यासमोर उभा होतास," उर्बानो शांतपणे म्हणाला. "तुझ्या ग्लासात किती बर्फ लागतो ते मला माहीत आहे. आणि मी माणूस मारणार नाही, हे तुला माहीत होतं. ते का नाही सांगितलंस पोलिसांना?"

कोपऱ्याशेजारी सेलेदोनियोची नेहमीची जागा होती, तिथे त्याने काल टाकलेले रुमाल पडले होते. तो कष्टाने वाकला आणि ते एकेक करून उचलू लागला. उर्बानोने त्याला थांबवलं नाही.