किंचित खालून आलेला प्रकाश

वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात सकाळचे ऊन सरळ येत नाही. ते आधी रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीवर पडते, तिथे थोडे रेंगाळते आणि मग उलटून माझ्या खिडकीत शिरते. सव्वासातला ते छताखालच्या लोखंडी कैचीवर असते, फिकट, नुकत्याच घासलेल्या ताटासारखे. साडेसातला भिंतीवरून उतरू लागते. खालच्या लेथच्या कारखान्यातली बारीक धूळ त्यात तरंगताना दिसते. कारखाना आठला सुरू होतो. म्हणजे ही धूळ कालचीच, रात्रभर खाली न बसलेली. पावणेआठच्या सुमारास ऊन कोपऱ्यातल्या फ्लॅशच्या स्टँडला लागते, तिथून जमिनीवरच्या वाळूच्या पिशवीला. आठला समोरच्या काचेचा कोन सुटतो आणि सगळे विझते. तीन वर्षे मी हे पाहत आलो आहे. माणसांशी बोलण्यापेक्षा मला हे पाहणे सोपे जाते.

या उन्हात भिण्यासारखे काही नाही. ते कुठून येते हे मला ठाऊक आहे. प्रकाशाकडून माझी एवढीच अपेक्षा असते.

मी कपड्यांचे फोटो काढतो. ठाण्यातली, डोंबिवलीतली लहान बुटिक मला बोलावतात, आणि मॉडेलला घेऊन आम्ही उघड्यावर जातो. उघड्यावरचे ऊन कोणाचे ऐकत नाही. म्हणून सूर्य मॉडेलच्या पाठीशी ठेवायचा आणि चेहऱ्यासाठी माझ्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यापासून दूर, एक फ्लॅश लावायचा. फ्लॅशपुढे पांढऱ्या कापडाची मोठी पेटी असते, सॉफ्टबॉक्स. ती प्रकाश मऊ करते, पण वारा सुटला की तिचे शीड होते. स्टँड अशा वेळी टिकत नाही. ती पेटी माणसाने धरावी लागते.

ती नयन धरायचा.

नयन कोपरीगावचा, माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढत. आता घराच्या जागी इमारत उभी होती, खाली भाडेकरू होते आणि नयनला नोकरीची घाई नव्हती. बोलायचे काम तो करी, पाहायचे मी. मॉडेल अवघडली की तो पेटीमागून ओरडे, “मॅडम, ह्याच्याकडे बघू नका हां, हसू येईल. फोटो काढताना पार घुबड होतो आमचा सिद्ध्या!” ती हसे, आणि मी ते हसू टिपून घेई.

माझे दोन नियम होते. लाइट धरणाऱ्याने फोन माझ्या बॅगेत ठेवायचा. आणि नजर मॉडेलच्या चेहऱ्यावरून हलवायची नाही. पायाखाली पाहिले की हात ढळतो आणि प्रकाश गालावरून निसटतो. पाऊल कुठे टाकायचे ते मी सांगायचे. ‘मागे’, ‘डावीकडे’, ‘थांब’.

“म्हणजे मी तुझा बैल,” नयन म्हणायचा. “चल, हाक.” पण नियम त्याने एकदाही मोडला नाही.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही सकाळी त्याच मिठागराच्या बांधावर गेलो. मीठ पिकणे कधीच बंद झाले होते. बांधाच्या टोकाशी खाडीचे पाणी आत घ्यायची जुनी सिमेंटची मोरी होती. तिला कठडा नव्हता आणि ओहोटीमुळे खालचे दगड उघडे पडले होते. उत्तरा नावाची मॉडेल बांधावर उभी होती. प्रकाश थोडा तीव्र पडत होता. मी ‘मागे’ म्हणालो. नयन एक पाऊल मागे गेला. मी पुन्हा ‘मागे’ म्हणालो. मग आणखी एकदा.

तो मोरीवरून खाली दगडांवर पडला. आम्ही त्याला दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते.

पोलिसांना मी जे सांगितले त्यात अडण्यासारखे काही नव्हते. माझा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, आत आरसा असलेला. फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि कॅमेऱ्याला लावलेल्या डोळ्यापुढे अंधार होतो. शिवाय नयन चौकटीच्या बाहेर उभा होता. माझा डोळा कॅमेऱ्यात होता, मला काही दिसले नाही. उत्तराही म्हणाली, “मला फक्त पांढरा चौकोन दिसत होता.” ते खरेच असते. लाइटमागचा माणूस मॉडेलला दिसत नाही.

स्मशानात कोणीतरी म्हणाले, मोबाईल बघत असेल, आजकालची पोरं. मोबाईल माझ्या बॅगेत होता. तेराव्यानंतर मी तो घरी नेऊन दिला, आणि तो इतके दिवस कुठे होता हे कोणी विचारले नाही. त्याची आई शालूकाकी तो फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बसली. “ह्याच मेल्यानं खाल्लान माझ्या पोराला,” ती म्हणाली. तेव्हा मला बोलता आले असते. मी समोर ठेवलेला चहा प्यायलो.

त्या दिवशीचा शेवटचा फोटो मी फाइलमधून काढून टाकायला हवा होता. काढला नाही. बुटिकने तोच निवडला. घोडबंदर रोडवर त्यांच्या दुकानाच्या पाटीवर तो अजून आहे. वाहतूक तुंबली की शेकडो लोक त्याच्याकडे पाहत बसतात. व्यवसायातले दोघे-तिघे विचारूनही गेले, असा लाइट कसा लावलास? कारण त्या एका फोटोत उत्तराच्या चेहऱ्यावरचा प्रकाश किंचित खालून आलेला आहे.

ऑगस्टपर्यंत मी कॅमेरा हातात घेतला नाही. मग स्टँड घेतला, त्याच्या पायावर ठेवायला वाळूची पिशवी घेतली आणि एकट्याने काम सुरू केले.

पहिले काम घोडबंदरलाच, एका नव्या टॉवरच्या गच्चीवर झाले. मॉडेल रुचिता, भराभर बोलणारी, झालेले काही ठाऊक नसलेली. वारा नव्हता. मी स्टँड लावला आणि तास-दीड तास फोटो काढले. घरी, डोंबिवलीला, ते लॅपटॉपवर पाहताना माझ्या लक्षात आले की सगळ्या फोटोंत प्रकाश बरोबर आहे. मान वळवलेली असो, हनुवटी उचललेली असो, नाकाची सावली प्रत्येक वेळी जिथे हवी तिथेच होती.

स्टँड चेहऱ्याबरोबर वळत नाही.

मी स्वतःची समजूत घातली. गच्चीच्या पांढऱ्या भिंतींनी प्रकाश परतवला असेल. असे होते.

दुसऱ्या वेळी आम्ही खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या दगडी भिंतीपाशी होतो. एसट्यांच्या डिझेलचा वास, कंडक्टरच्या शिट्ट्या, भिंतीच्या फटीतून आलेले पिंपळाचे रोप. काम संपता संपता रुचिता म्हणाली, “आज बरं वाटलं हां. मागच्या वेळेपेक्षा सुद्धा. लाइट डोळ्यात घुसतच नाही. मस्त धरतो तुझा माणूस.”

“कुठला माणूस?”

तिने डावीकडे पाहिले. तिथे स्टँड होता आणि त्याच्या पायाशी वाळूची पिशवी. ती हसली, मग हसणे मध्येच सोडून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. “काय माहीत. मला वाटलेलं कोणीतरी आहे.”

मी फ्लॅश उतरवायला गेलो. तो थंड होता. बॅटरी मी आदल्या दिवशी चार्जिंगला लावली होती आणि ती गाळ्यात तशीच राहिली होती. फ्लॅशमध्ये बॅटरीच नव्हती.

त्या दिवसाचे एकशे चौदा फोटो निघाले. एकशे चौदाच्या एकशे चौदा उजळलेले होते.

माणसाच्या डोळ्यात समोरच्या दिव्याचा एक ठिपका उमटतो. तो असला की फोटोतला डोळा जिवंत वाटतो. आम्ही तो नेहमी तपासतो. मी रुचिताचा डोळा पडद्यावर मोठा केला. बुबुळावर डावीकडे पांढरा चौकोन होता. आणखी मोठा केला. चौकोनाशेजारी एक उभी, गडद रेघ होती. तिला खांदे होते. रुंद.

मी पुढचा फोटो पाहिला, मग त्याच्या पुढचा. दर दहा-बारा फोटोंमागे चौकोन थोडा लहान होत होता. प्रकाशाची पेटी रुचितापासून दूर चालली होती, एकेका पावलाने, मागे. तिथे गल्ली जेमतेम आठ फूट रुंद होती आणि पलीकडे डेपोची भिंत होती.

मी खोपटच्या कामाचे पैसे परत केले. फोटो बिघडले, असे सांगितले.

जानेवारीच्या अखेरीस कल्पिताताईचा फोन आला. ती नयनची थोरली बहीण. जुन्या लुगड्यांची जाकिटे शिवून विकण्याचा तिचा छोटा व्यवसाय आहे.

“सिद्धेश, माझ्या जाकिटांचे फोटो काढशील? मिठागरावर.”

“ताई, तिथे नको.”

“तिथेच. मॉडेल-बिडेल नको, मीच उभी राहीन. चाळिशीतल्या बाया पण जाकिटं घालतात म्हटलं.” मग ती म्हणाली, “वर्ष होतंय रे. मला एकदा बघायचंय कुठे ते. दुसऱ्या कोणाबरोबर कशी जाऊ?”

मी नाही म्हणू शकलो नाही.

सकाळ तशीच होती. खाडीवर विरळ धुके, वाफ्यांतल्या उथळ पाण्यावर लोळणारे पिवळसर ऊन, ओहोटीच्या चिखलाचा खारट वास. कल्पिताताई हिरव्या-जांभळ्या काठांचे जाकीट घालून बांधावर उभी राहिली. मी स्टँड मोरीपासून चांगला वीस फूट अलीकडे लावला. फ्लॅश मुद्दाम बंद ठेवला. नुसत्या उन्हात फोटो काढायचे मी ठरवले होते.

“त्याचा फोन तुझ्याकडे कसा होता रे?” तिने विचारले. आवाज साधा होता, पोळीला तूप लावू का विचारावे तसा.

मी कॅमेरा खाली घेतला.

“आई अजून त्या फोनला शिव्या घालते,” ती म्हणाली. “कपाटात ठेवलाय, कडीकुलपात. आलागेला म्हणतो, पोरगा मोबाईल बघताना गेला. मी वर्षभर ऐकतेय. पण फोन तर तू आणून दिलास. कुठे होता?”

“माझ्या बॅगेत. लाइट धरताना फोन जवळ ठेवायचा नाही असा माझा नियम होता.”

“मग तो कुठे बघत होता?”

“मॉडेलच्या चेहऱ्याकडे. तोही माझाच नियम.”

“आणि मागे का गेला?”

दूर पुलावरून मालगाडी जात होती. ती संपूर्ण जाईपर्यंत मी थांबलो.

“मी सांगितलं म्हणून.”

तिने मान हलवली. रडली नाही. “आईला सांगशील हे?”

“सांगतो.”

“पण तुला दिसलं नव्हतं ना?” तिच्या बोलण्यात जवळजवळ विनवणी होती. “तो कडेला गेलाय हे?”

“नाही, ताई. डोळा कॅमेऱ्यात होता.”

तिने पाण्याकडे पाहिले. मग डोळे पुसून, पदर सारखा करावा तसे जाकीट सारखे करून म्हणाली, “काढ. आलोय तर काढ.”

मी काढले. सातच फोटो.

चेहऱ्यावर प्रकाश होता. सूर्य तिच्या पाठीशी होता आणि फ्लॅश बंद होता.

“बघू,” ती म्हणाली, आणि मी काही करायच्या आत तिने कॅमेरा घेतला. ती जाकीट पाहत होती. मग फोटो मोठा करत गेली. काठ, खांदा, गाल, डोळा.

तिचा अंगठा थांबला.

“हा आमचा नयन आहे,” ती म्हणाली.

मी पाहिले. बुबुळात डावीकडे पांढरा चौकोन होता आणि त्याच्याशेजारी तो. पाठीमागे मोरी. दुसऱ्या फोटोत चौकोन लहान. तिसऱ्यात आणखी लहान. मी मान वर करून मोरीकडे पाहिले. तिथे ऊन होते, आणि काही नव्हते.

“आणि हा मधला तू,” ती म्हणाली.

बुबुळाच्या मध्यावर माझे प्रतिबिंब होते. इतक्या लहान जागेत इतके स्पष्ट काही उमटत नाही. मी हे काम करतो, मला माहीत आहे. तरी ते दिसत होते. उजव्या डोळ्यावर कॅमेरा आणि उरलेला अर्धा चेहरा.

ती पाहत राहिली. सातव्या फोटोत प्रकाश खालून आला होता.

“घुबड म्हणायचा ना तो तुला?” तिने हळूच विचारले. तिने कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि ती बांधावरून गावाकडे चालू लागली. मागे वळून तिने पाहिले नाही.

आरसा वर उचलला जातो तेव्हा फ्लॅश पेटला की नाही हे उजव्या डोळ्याला कळत नाही. म्हणून फोटो काढताना मी डावा डोळा कधीच मिटत नाही. तो लाइटवर असतो.

त्या सकाळीही होता. नयनची टाच मोरीच्या कडेबाहेर गेलेली मला दिसली. ‘थांब’ म्हणण्याइतका वेळ होता. उत्तराच्या चेहऱ्यावरचा प्रकाश अगदी हवा तसा आला होता.

मी बटण दाबले.