देवळालीचा सरळ फटका

चक्रनगर हे अवकाशस्थानक स्वतःभोवती फिरे, म्हणून तर तिथल्या माणसांचे पाय जमिनीला टेकत. तिथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुमुद देवस्थळीने मोकळ्या पट्ट्यात झेंडा रोवून गोल्फचा चेंडू मारला, आणि तो डावीकडच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन पडला. ती स्थानकाची पाणी-अभियंता होती. चेंडू का चुकला हे तिला कळत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

"हे वळणबल," शेजारचे डॉक्टर तुस्कानो म्हणाले. मूळचे वसईचे, माणसाचा तोल हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. "आपली जमीनच फिरतेय, म्हणून उडालेला चेंडू बाजूला पडतो. महिनाभर खेळा, शरीर आपोआप उजवीकडे नेम धरायला शिकेल."

"तेच तर नकोय मला!"

कुमुदचे वडील, दादा, देवळालीच्या गोल्फ मैदानावर कॅडी होते, खेळणाऱ्यांचं सामान वाहायचे. खेळणारे घरी गेले की ते लेकीसमोर गवतावर दोन काठ्या ठेवत, रुळांसारख्या समांतर. एक चेंडूपासून झेंड्याच्या दिशेने, दुसरी पायांच्या बोटांशी. आधी पावलं, मग कंबर, मग खांदे, सगळं त्या रेषेत. झेंड्याकडे बघायचं ते अगदी शेवटी. दादा गेले. उरला तो तिच्या अंगातला सरळ फटका. निवृत्त झाल्यावर देवळालीला जाऊन तो मारायचा, एवढाच तिचा हट्ट होता.

"मग चेंडू कुठे पडतो ते बघूच नका," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना चूक दिसली, की शरीर ती सुधारायला घेतं."

कुमुदने दोन पावलांवर जाड पडदा टांगला आणि अठरा वर्षं, रोज संध्याकाळी, त्या पडद्यात चेंडू हाणले. लोक हसून हसून थकले. डॉक्टर तेवढे स्टूल घेऊन बसत, आणि ती त्यांना दादांच्या गोष्टी सांगत राही.

एकसष्टाव्या वर्षी ती पृथ्वीवर उतरली. या वयात उतरलेल्यांना पुन्हा वर सोडत नसत, आणि डॉक्टरांच्या हाडांना खालचं वजन पेलणार नव्हतं. दोघांनी निरोप घेतला तो कायमचाच.

देवळालीचं गवत पाहून तिला भरून आलं. तिने काठ्या ठेवल्या, पावलं, कंबर, खांदे जुळवले आणि फटका मारला. चेंडू झेंड्याच्या चांगला वीस पावलं उजवीकडे गेला.

रडवेली होऊन तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"पडद्याने डोळे फसले हो, हात कसे फसतील?" ते म्हणाले. "तुमची फटक्याची काठी खाली येताना वळणबल तिलाही ढकलत होतंच. ते सावरायला हात पहिल्या महिन्यातच शिकले."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि अठरा वर्षं गप्प बसलात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पडदा काढून खेळच सोडला असता, कुमुदताई. मग मी संध्याकाळी कुठे जाऊन बसलो असतो?"

कुमुदने चेंडूंची बादली पायाने जवळ ओढली.

"काळजी करू नका," डॉक्टर पुढे म्हणाले. "चालणं आपसूक सुधारतं, फटका फटक्यांनीच सुधारतो. दहा-बारा चेंडू मारा, चक्रनगर अंगातून पार निघून जाईल. मग दादांचा फटका तुमचाच."

बादलीत अकरा चेंडू उरले होते. कुमुदने एक काढून गवतावर ठेवला. पावलं जुळवली, खांदे जुळवले, आणि शेवटी झेंड्याकडे पाहिलं. मग वाकून तिने चेंडू उचलला आणि बादलीत टाकला.

"आज नाही मारत," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही बोला, डॉक्टर."