झाकणातला भट्टीवाला

पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या शर्टावर क्रीमचा गुलाब काढला, तोही न मागता! केकच्या दुकानात ती नवी सजावटवाली, तो भट्टीवाला. गरम ट्रे घेऊन तो मागून आला, "बाजूला..." एवढंच म्हणाला, आणि ती अशी उडाली की पिशवीतलं क्रीम थेट त्याच्या छातीवर! तो खळखळून हसला. ती काही हसली नाही. तेव्हापासून तिचं नाव पडलं दचकी.

आधीच्या दुकानातला मालक दबक्या पावलांनी मागून यायचा, चूक दिसली की पाठीत फटका. ते दुकान सुटलं, दचकणं काही सुटलं नाही. इथं तिचं टेबल भिंतीकडे तोंड करून. म्हणून तिनं एक चकचकीत स्टीलचं झाकण समोर टेकवून ठेवलं. मागचं दार त्यात स्वच्छ दिसायचं.

दारच काय, दारापलीकडचा गल्लाही दिसायचा... आणि गल्ल्यावरची चिमणी! चिमणी म्हणजे पैसे घेणारी पोरगी, दिवसभर चिवचिव. भट्टीवाला तिच्या मागे जाऊन "भॉ!" करायचा, ती किंचाळायची, मग दोघं खो खो हसायचे. आणि दचकीकडे येताना? दारातच थांबून "अहं... अहं..." खोकणार, ट्रे ठेवणार, चालता होणार. जणू ही शाळेतली कडक बाई! तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मेली चिमणी!" असं पुटपुटत ती इतकं फेटायची, की क्रीमचं पार लोणी व्हायचं.

त्या दुपारी झाकणात पुन्हा "भॉ!" झालं, आणि थोड्या वेळानं दारात खोकला.

"औषध घे जरा!" ती गर्रकन वळली. "रोज बघते मी, तिला भॉ आणि मला खोकला? एवढी परकी आहे का मी?"

तो गांगरला. "तुला... भॉ करू?"

"करून तर बघ!"

"म्हणून तर नाही करत," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी मी हसलो खरा, पण दचकल्यावर तू लगेच डोक्यावर हात धरलेस... मार चुकवायला धरतात तसे. फार वाईट वाटलं गं मला. म्हटलं, आपल्यामुळे पुन्हा असं नको व्हायला."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्यासाठी असं कुणी कधी खोकलं नव्हतं.

"पण रोज बघतेस ती कशी? तू तर भिंतीकडे—" त्याची नजर झाकणावर गेली. "अच्छा! असं आहे तर!"

"आधी भीतीपोटी ठेवलं होतं ते," ती लाजून लाल झाली. "आता... तू दिसतोस म्हणून ठेवते. झालं समाधान?"

"मग माझंही ऐक. मी खोकलो की तू पाठमोरीच 'हं' म्हणतेस. त्या 'हं'साठी मी दिवसभर रिकामे ट्रे आणतो."

"चिमणीला भॉ मात्र उद्यापासून बंद!"

"ती विचारेल ना, का म्हणून."

"सांग, घसा बसलाय. खोकून खोकून!"

दुसऱ्या दिवशी झाकण पातेल्यावर होतं. तो दारात थांबला, सवयीनं घसा साफ करू लागला...

"नको," ती न वळता म्हणाली. "तसाच ये."

पावलं जवळ आली. तिनं श्वास रोखला, पण हात चालूच ठेवला. त्याचा हात अलगद खांद्यावर टेकला... आणि गुलाबाची पाकळी जराही वाकडी झाली नाही.