एकदा म्हणजे हो

मिस्त्रींचं टायमिंग म्हणजे टायमिंग, असं जुन्या गाड्यांचे शौकीन सांगायचे. नव्या गाडीत हे सगळं आतला संगणक बघतो हो, पण जुन्या गाडीत ठिणगी कधी पडायची ते माणसाच्या हातात असतं. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी पडायला हवी. फार आधी पडली तर इंजिन आतून ठोकायला लागतं, उशिरा पडली तर गाडी मरगळते. तो ‘किंचित’ मिस्त्रींना बरोबर सापडायचा.

खरं सांगायचं तर एकट्या मिस्त्रींना तो कधीच सापडला नव्हता. हे काम दोघांचं. एकानं बॉनेटखाली वाकून टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण बघायची आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रीब्युटर केसभर इकडंतिकडं फिरवायचा. दुसऱ्यानं आत बसून पेडलनं रेस द्यायची, सांगितली तेवढीच. हे दुसरं माणूस म्हणजे मिस्त्रींची बायको. बाई बुटकी. प्रत्येक गाडीत शिरली की आधी सीट पार पुढं ओढणार, पाठीमागं उशी घालणार आणि म्हणणार, “अहो, ही गाडी माणसांसाठी केलीय की उंटांसाठी?”

इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं बॉनेटपर्यंत पोचायचं नाही. म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. मिस्त्रींनी ओरडून विचारायचं आणि तिनं रेसनं उत्तर द्यायचं. एक झटका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. “गॅस बंद करून आलीस ना?” एक झटका. “दमलीस का?” दोन झटके. त्यातही बाई खोडकर. “माझ्यावर खूश आहेस ना?” असं विचारलं, की मुद्दाम दोन झटके देऊन आत एकटीच हसत बसायची. गिऱ्हाईक बिचारं गोंधळून जायचं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून मिस्त्रींनी टायमिंगच्या कामाला हात लावला नव्हता. गॅरेजच्या वरच दोन खोल्यांचं घर, पण जिना चढायचा म्हटलं की पाय जड व्हायचे. स्वयंपाकघरात टेबलाशी तिची खुर्ची होती, तीही मिस्त्री जागची हलवत नव्हते. लेक रोज सकाळी फोन करायची. “बाबा, एकटेच आहात ना? जेवता ना नीट? ते शटर ओढा आता आणि या इकडं.” शेवटी मिस्त्री कबूल झाले होते. दातांच्या डॉक्टरांची गाडी तेवढी करून द्यायची आणि लेकीकडं जायचं. जायचं म्हणजे कायमचं.

ती गाडी लाल रंगाची, दोनच सीटांची, जमिनीला टेकून चालणारी. डॉक्टरांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. वडील गेल्यावर कितीतरी वर्षं शेडमध्ये पडून होती. डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी. उद्या सकाळी न्यायला येतो.” नाही म्हणायला मिस्त्रींची जीभ रेटली नाही.

संध्याकाळ कलल्यावर त्यांनी काम काढलं. धुराच्या नळीचं तोंड भिंतीतल्या भोकातून बाहेर सोडलं. पुलीच्या खुणेवर खडू घासला. पहिल्या प्लगच्या वायरीला लाइटचा चिमटा लावला, इंजिन सुरू केलं आणि ट्यूबलाइट बंद केली. अंधार असला की खूण स्वच्छ दिसते.

तो उजेड कधी पाहिलाय का तुम्ही? पांढरा, लखलख तुटणारा. त्यात फिरणारी पुली उभी दिसते. पंखासुद्धा उभा दिसतो, वाटतं सहज बोट लावावं. बोट लावलं की गेलं. या उजेडात डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मिस्त्रींनीच बायकोला शिकवलं होतं.

गाडीतून पेट्रोलचा वास येत होता, तापल्या रबराचा येत होता आणि आणखी एक, वर्षानुवर्षं बंद ठेवलेल्या कपाटासारखा. शेडमध्ये पडून होती, येणारच वास, असं मिस्त्रींनी मनाशी म्हटलं. एका हातात लाइट, दुसरा डिस्ट्रीब्युटरवर. खूण जागेवर आली. आता रेस वाढवून पुढचं बघायचं होतं. आणि नुसत्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“रेस दे गं.”

रेस वाढली.

हळूहळू, सावकाश वाढली आणि हवी तिथं येऊन स्थिर राहिली. मिस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर उघडं बॉनेट उभं होतं, त्यामुळं आतलं काही दिसत नव्हतं. बाजूला जरासं सरकलं असतं तर दिसलं असतं. पण मिस्त्री सरकले नाहीत. भीती तर होतीच, नाही कशाला म्हणा! पण आत कुणी असेल ही भीती नव्हती. वाकून बघितलं आणि सीट रिकामी निघाली तर, ही भीती होती.

“थोडी... थोडी अजून.”

थोडी अजून वाढली. खूण वर सरकली, सरकायला हवी तेवढीच. मिस्त्रींचे डोळे भरून आले.

“बस. स्लोला आण.”

इंजिन खाली आलं. गॅरेजमध्ये तेवढीच घरघर. मिस्त्रींनी ओठांवरून जीभ फिरवली.

“अगं... तूच आहेस ना?”

काहीच झालं नाही. मग रेसचा एक झटका आला. आणि जरा थांबून, आणखी एक.

मिस्त्री हसले. रडता रडता हसले. “तुझी खोड काही जायची नाही!” ते म्हणाले. इतक्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं मग बाहेर पडलं. वरच्या खोल्या खायला उठतात, रात्री कूस बदलली की हात रिकाम्या गादीवर पडतो, लेक चांगली आहे पण तिच्या घरात आपण अडगळच होणार... बोलत राहिले, लाइट लखलखत राहिला, आणि इंजिन शहाण्यासारखं ऐकत राहिलं.

“नाही जात मी लेकीकडं,” शेवटी ते म्हणाले. “तू चल वर. राहशील ना माझ्याजवळ?”

एक झटका. लगेच.

इंजिन बंद करायचं तर किल्लीसाठी आत हात घालावा लागला असता. मिस्त्रींनी बॉनेटखालूनच कॉइलची वायर काढली. एकदम शांत झालं. वळून न बघता ते अंधारातून जिन्याकडं गेले, दार सताड उघडं ठेवलं आणि पुटपुटले, “ये.” पाठीमागं गाडीचं दार हलकेच वाजलं.

त्या रात्री मिस्त्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. डोळा लागता लागता पलीकडची गादी दबल्याचं त्यांना कळलं. पायथ्याशीही दबली, पार कडेपर्यंत, तेही कळलं. पण झोपेत माणूस कशाकशाचा विचार करणार?

सकाळी तिची खुर्ची टेबलापासून लांब, थेट भिंतीला टेकलेली दिसली. ती तर टेबलाला पोट लागेल इतकी पुढं सरकून बसायची. मिस्त्रींनी मनावर घेतलं नाही. उलट कोण आनंद झाला! माणूस घरात वावरलं होतं. दोन कप चहा केला, एक तिच्या जागेवर झाकून ठेवला आणि गुणगुणत खाली आले. वायर जोडली, नळ्या जागच्या जागी लावल्या. तेवढ्यात डॉक्टर आले, दार उघडून सीटवर बसले आणि तसेच थांबले.

“मिस्त्री, ही सीट एवढी मागं कुणी घेतली?”

“मागं?”

“बघा ना! पार शेवटच्या खाचेत गेलीय. माझे पायच पोचत नाहीत.” डॉक्टर हसले. “आमचे वडील ताडमाड होते, पण त्यांचेही पोचले नसते हो इथून. रेस द्यायला कुणाला बसवलं होतं? माणूसच होता ना?”

मिस्त्री वाकले. सीट मागच्या पत्र्याला भिडली होती. तिथून पुढच्या पेडलपर्यंतची जागा ते बघत राहिले. बंद कपाटाचा तो वास आता गाडीत नव्हता. मिस्त्रींनी नाकानं खोल श्वास घेऊन बघितलं, खरंच नव्हता. आणि मग त्यांना ते दोन झटके आठवले. तूच आहेस ना, विचारलं होतं. नाही, असं सरळ उत्तर मिळालं होतं. त्याला खोड त्यांनीच मानलं होतं, आपल्या मनानं.

डॉक्टरांनी सीट पुढं ओढून इंजिन सुरू केलं. “गाडी काय बोलतेय, वा!” ते खूश होऊन म्हणाले आणि गेले. लाल गाडी कोपऱ्यावर वळली. गॅरेज रिकामं झालं.

फोन वाजला. हात तेलकट, म्हणून मिस्त्रींनी नेहमीसारखा कोपरानं स्पीकर लावला. लेकीचा आवाज गॅरेजभर घुमला.

“बाबा, झाली का गाडी? मग आज येताय ना?”

वर स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जिन्यावरून तो वास हळूहळू खाली उतरत होता.

“बाबा? बोला ना... बाबा, एकटेच आहात ना?”

मिस्त्रींच्या डोक्यावर, छताच्या पलीकडं, फरशीवर एकदा टाच आपटली. आणि जरा थांबून, आणखी एकदा.