रांजणाखालचं हिरवं

भंडारदऱ्याच्या झऱ्यापाशी मी पोचले, तेव्हा एक मुलगा नारळाच्या शेंडीनं माझा दगड घासत होता.

"अहो, थांबा—"

"हळू बोला. व्हले उडतील." त्यानं मान वर करून पाण्याकाठच्या कबुतरासारख्या होल्यांकडं बोट दाखवलं. "शेवाळावरनं पाय घसरतोय त्यांचा. पाणी पिता येईना."

ते शेवाळ नव्हतं. ती मार्केन्शिया होती... ओल्या दगडाला बिलगून पसरणारी, चपट्या पानासारखी वनस्पती. माझा एम.एस्सी.चा अख्खा प्रकल्प. मी त्याच्या हातातली शेंडी काढून घेतली.

त्याचं नाव गोरक्ष. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी दुष्काळी तिसगावहून आलेला. "आमच्याकडं दगडाला हिरवं चढतच न्हाई," तो पुटपुटला. "मला काय ठाऊक..."

कपारीत थोडी उरली होती. मी भिंग त्याच्या हातात दिलं. हिरव्यावर इवल्या वाट्या, वाट्यांत कणाएवढ्या कळ्या. वरून एक थेंब टपकला, नेमका वाटीत, आणि कळी उडून वीतभर लांब पडली. आता ती तिथं रुजणार.

त्यानं भिंग खाली ठेवलंच नाही.

मग त्यानं मला होला दाखवला. मानेवर पांढरे ठिपके. बाकीचे पक्षी घोट घेतात, चोच वर करून गिळतात. हा चोच बुडवून, मान न उचलता, पीतच राहिला.

"ह्याचा नरसुद्धा पिल्लांना दूध पाजतो. गळ्यातलं."

"थापा मारताय."

"आईशप्पथ."

आमचे रविवार मग झऱ्यापाशीच जायला लागले. भाद्रपद सरताना त्याचं काम संपलं. जाताना म्हणाला, "येशील तिसगावला? कायमची?"

"तुझा होला कुठंही जगतो रे. माझ्या हिला धड मुळंसुद्धा नाहीत. तुमच्या उन्हात कशी तगेल?"

मी कुणाबद्दल बोलतेय, ते दोघांनाही कळत होतं. तो गेला.

दिवाळीनंतर गोरक्ष संगमनेरला, आमच्या घराच्या दारात उभा. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीट. फडकं सोडलं, तर विटेवर मार्केन्शिया... हिरवीगार, वाट्यांसकट.

"पहिल्या दिवशी खरवडलेले तुकडे ओल्या रुमालात जपले व्हते, तेच खिशातनं नेल्ते. आमचा रांजण पाझरतोय, त्याच्याखाली ठेवले. आई सकाळी आधी ह्याला ओलं करती, मग चहा."

"आणि होले?"

"तिथंच पाणी पितात. घसरत न्हाईत."

मी बोटावरून एक थेंब वाटीत सोडला. कळी उडून त्याच्या मनगटावर बसली. तो हलेना.

"पुसू नकोस," मी म्हणाले. "रुजू दे."