ताईचं घर, अजून नऊ इंच

खरं सांगतोय म्हटलं की लोक हसतात. खुशाल हसा. पण माझ्या गुणवंतमामांना विट्याच्या एसटी स्टँडवर एकदा एकटं सोडून दाखवा, मग बोलू.

डिसेंबर १९९८. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातलं एक मॉडेल बनवायचं वर्कशॉप. दुबईतल्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी मामा सॅन फ्रान्सिस्को शहर बनवत होते. टेबलभर. गोल्डन गेट पूल, चायनाटाउन, कॉइट टॉवर, उतारावरच्या केबल कार. अमेरिका त्यांनी फोटोतच पाहिलेली.

काम मुळात विष्णूचं, मामांच्या जोडीदार कारागिराचं. जुलैत तो अजमानच्या खोलीवर झोपेतच गेला आणि अर्धं शहर मामांच्या गळ्यात पडलं.

गुरुवारी डिलिव्हरी. ती झाली की कंपनी ठेवून घेतलेला पासपोर्ट परत देणार, मग विमान, आणि रविवारी बहिणीचं लग्न. बहीण म्हणजे माझी आई. मामा तिचा एकुलता एक भाऊ. नवऱ्याचा कान पिळायचा मान त्यांचाच.

आणि नेमकं तेव्हाच ते सुरू झालं...

गिऱ्हाइकाला मॉडेलवर माणसं हवी होती. मोजून चाळीस. एवढ्या स्केलला माणसं बसत नाहीत, हे सांगून सांगून मामांचा घसा बसला. शेवटी चिकटवली चाळीस प्लॅस्टिकची माणसं. त्यातला एक विष्णूने आधीच रंगवून ठेवला होता. हिरवा शर्ट, हातात बॅग. मामांनी त्याला पूर्व किनाऱ्यावरच्या फेरी बिल्डिंगपाशी उभं केलं.

शनिवारी दुपारी एक ते चार सुट्टी. कुलूप मामांनीच लावलं, किल्ली खिशात.

चारला उघडलं, तर हिरवा शर्ट मार्केट स्ट्रीटवर...

मामांनी चरफडत त्याला उचललं आणि परत फेरी बिल्डिंगपाशी ठेवलं. डबल ग्लू लावून.

रविवारी... आणखी पश्चिमेला, कॅस्ट्रोच्या चढावर.

परत आणला.

सोमवारी... ट्विन पीक्सच्या टेकडीवर. पश्चिमेकडे तोंड करून.

परत आणला.

मंगळवारी तो मॉडेलवर नव्हताच. टेबलाच्या पश्चिमेला, खाली फरशीवर पडला होता.

"अरे, का छळतोयस?" मामा ओरडले. वर्कशॉपातल्या प्रत्येकाशी भांडून झालं. कुणीच कबूल होईना.

बुधवारी पुन्हा फरशीवर. उचलायला वाकले, तेव्हा प्लायच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. विष्णूचं अक्षर...

'ताईचं घर, अजून नऊ इंच.'

मामा तिथेच खाली बसले. विष्णूची थोरली बहीण, कावेरी, खऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत राहायची. टेकडीपलीकडे, सनसेट भागात. विष्णूला तीनदा व्हिसा नाकारला होता. आणि त्या बाजूला मॉडेल टेकडीवरच संपत होतं.

"हां, बोलता था वो, नौ इंच बढाओ," सुपरवायझर राजन म्हणाला. "मैंने बोला, ड्रॉइंग में नहीं है, खलास. अब तुम दिमाग मत खाओ, गुणवंतभाई. कल डिलिव्हरी है, यल्ला, जल्दी!"

प्लायचा तुकडा कोपऱ्यात पडलेला होता. तासाभराचं काम. पण मामांना आता फक्त पासपोर्ट दिसत होता. त्यांनी माणूस उचलला, फेरी बिल्डिंगपाशी चिकटवला, वर ॲक्रिलिकचं झाकण बसवलं आणि बारा स्क्रू आवळले.

गुरुवारी मॉडेल ट्रकमध्ये चढवताना झाकणाच्या आतून आवाज येत होता. पश्चिमेच्या बाजूने...

टक्. टक्. टक्.

"लूज पार्ट होगा," राजन म्हणाला.

रविवारी सकाळी दहाला मामा विट्याच्या स्टँडवर उतरले. लहानपण सगळं इथलंच. पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, की मांडव. सात मिनिटं. मुहूर्त साडेबाराचा.

देवळापाशी सनई ऐकू आली. मांडवाची झालर दिसली.

आणि मामा... स्टँडवर उभे होते.

प्रवासाचा शीण असेल. पुन्हा निघाले. टाकी, गिरणी, देऊळ...

स्टँड.

रिक्षा केली. देवळाचं वळण आलं आणि... पुन्हा स्टँड. बॅग हातात. रिक्षा नाहीच.

दोन्ही बगलांत दुखत होतं म्हणे. कुणी बोटांनी धरून उचलल्यासारखं.

शेवटी ओळखीच्या एकाने हात धरून मांडवात आणलं, तेव्हा चार वाजले होते. आईची पाठवणी झाली होती. कान चुलतभावाने पिळला होता. आई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

मामांनी नंतर त्या मॉडेलचा खूप तपास केला. प्रदर्शन संपल्यावर ते भंगारात गेलं, एवढंच कळलं. झाकण कुणी काढलं होतं का, ते कुणालाच सांगता आलं नाही.

आईबाबा विट्यातच राहतात. दर भाऊबीजेला मी मामांना स्टँडवरून हात धरून घरी आणतो. गेल्या वर्षी मला तासभर उशीर झाला. मामा बाकावर बसले होते, घामाने निथळत.

"तीनदा निघालो रे," ते म्हणाले. "देवळापर्यंत जाऊ देतो विष्णू. मग परत आणतो."

मी त्यांचा हात धरला. मामांनी ते काम सोडून दहा वर्षं झालीत. त्यांच्या शर्टाला मात्र ताज्या ग्लूचा वास येत होता.