मागचं पायदान

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वैशाखात एकदा अकोल्याला यावं. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. त्यात भारनियमनाची ती वर्षं. पंखा बंद, वेल्डिंग बंद, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ग्रीसचा नि ओल्या रंगाचा वास कोंडलेला. अशा वेळी टाचणी पडली तरी माणूस दचकतो.

त्या शेडचा मालक नियाज मिस्त्री. बापापासून धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. पण कापसानं अशी पाठ फिरवली, की ट्रॉलीत भरायला माल नाही, तर ट्रॉली बनवून घेतो कोण? शेड ओस पडलं. पुण्यात मेहुण्याच्या कारखान्यात कामाला जायचं जवळजवळ ठरलं होतं. आता मेहुण्याचा हुकूम ऐकायचा म्हणजे काय असतं, हे ज्यानं ऐकलाय त्यालाच ठाऊक! नियाजची झोप उडाली होती.

तेवढ्यात अमरावतीचे चंद्रभानशेठ उगवले. शेठला नाद दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जिपांचा. इंजिनं होती, सांगाडे होते, बॉड्या मात्र गंजून भुगा झालेल्या.

"एक बॉडी हुबेहूब बनवून दाखव," शेठ म्हणाले. "पसंत पडली तर बाकीच्या साऱ्या तुह्याकडे. नाई तर राम राम."

हुबेहूब करायला नमुना हवा. तो दर्यापूरच्या खुशालरावांच्या गोठ्यामागे सापडला. त्यांचे थोरले भाऊ महादेवराव यांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप घेऊन दर्यापूर-अकोला सवारीला जन्मभर चालवली होती. नियाजनं तिचा कोपरा न् कोपरा मोजला आणि तसाच पत्रा वाकवला. मागे चांगलं रुंद पायदान होतं, वर धरायला लोखंडी दांडा होता. तोही केला. हे महादेवरावांनी नंतर जोडलेलं असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नाही. जीप म्हटलं की मागं लटकलेली माणसं दिसणारच. लष्करातले जवानही तसेच जात असतील, असं तो धरून चालला. वऱ्हाडातल्या माणसाचा यात दोष तो काय?

शेठ दुपारी यायचे होते. त्याआधी नियाजनं शेठच्या एका सांगाड्यावर बॉडी चढवली आणि गाडी चालवून पाहायला घेतली. इंजिन गुरगुरलं. गियर टाकला, क्लच सोडला. गाडी ढिम्म. ब्रेक पाहिला, गियर पाहिला, सगळं ठीक. इंजिन ओरडून राहिलं, पण चाक हलेना. शेवटी त्यानं चावी बंद केली, आणि त्या शांततेत मागून आवाज आला.

कुर्र…

कोणी मागं बसलं की गाडीखालच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे करतात, तसा. मग बिडीचा वास आला. नियाजनं उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"शकीला!" त्यानं बायकोला हाक मारली. शेडमागंच घर होतं. ती आली, आणि तिच्यामागून आपल्या नमुन्यावरून गाडी कशी झाली ते पाहायला आलेले खुशालरावही आले.

खुशालरावांनी सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाले, "हुबेहूब आमच्या भाऊची गाडी हाय थे. शीट भरल्याशिवाय कवा हालली?"

"बाप्पा! भाऊ कुठी हायेत तुमचे?" नियाजनं विचारलं.

"मरून बम वर्षं झाले, जमाना लोटला."

"अन्… सवाऱ्या?"

"थ्याही गेल्या एकेक करून. आपापल्या घरी, खाटेवर. पण गाडी कोणं सोडली नाई, असं दिसते."

"या अल्लाह," शकीला पुटपुटली. पण बाई हिमतीची. तिनं चिमटीत पदर धरला आणि टुणकन जाऊन पुढं बसली. खुशालराव मागं बसले. शेजारच्या पिठाच्या गिरणीवरची माणसं बोलावली, शेवया वाळवत बसलेल्या दोन बाया बोलावल्या. गाडी हलेना. शेवटी चहावाला पायदानावर लटकला, आणि गाडी लोण्यासारखी पुढं सरकली! सगळे हसले. नियाज मात्र रडकुंडीला आला. शेठसमोर एवढी वरात कुठून आणायची?

आणि शेठ आलेच. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, गाडीभोवती फेरी मारली आणि मागं थबकले.

"हे काय हाय?"

"पायदान, शेठ. नमुन्यात होतं."

"लष्करी जिपांच्या पुस्तकातल्या चित्रात नाई हे. कापून टाक. थांब, आधी चालवून पाहतो. एकटाच."

नियाजच्या डोळ्यांसमोर मेहुण्याचा चेहरा आला, मिशीसकट. शेठनं इंजिन चालू केलं, गियर टाकला. गाडी जागची हलेना.

कुर्र… कुर्र… कुर्र…

रिकामी गाडी मागून खाली बसत गेली. बॉडी चाकाला टेकायला आली. आणि मग ती मोठ्या झोकात निघून गेली.

"आता कशी हालली?" नियाजनं कुजबुजत विचारलं.

खुशालरावांनी उन्हाकडं पाहिलं. "टाइम झाला न, भौ. भाऊची दुपारची गाडी… आता भरली असंन."

कोपऱ्यावरून वळून गाडी परत आली तेव्हा शकीलानं तोंडावर हात ठेवला. शेठ एकटेच होते, पण बसले होते सीटच्या कडेवर, अर्धे बाहेर, एक पाय हवेत. आपल्या सीटवरही सवारी बसवली की सवारीगाडीचे ड्रायव्हर बसतात ना, अगदी तसे. गियर बदलायला हात लांबवत होते.

उतरून त्यांनी घाम पुसला.

"पसंत हाय. बाकीच्या बॉड्याही तूच बनव. अन् पायदान कापू नको, हातभर रुंद कर. मागचे लोकं कुरकुर करून राहिले होते."

एवढं बोलून शेठ आपल्या मोटारीत बसले आणि अमरावतीला निघून गेले. आपण काय बोललो, हे त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

"ऑर्डर भेटली न?" शकीला म्हणाली. "मंग आता हासा न जरा."

नियाज हसला. हातची ऑर्डर कोण घालवतो? लगेच टेप घेऊन तो पायदान मोजायला वाकला, तेव्हा कोणीतरी अदबीनं पाय बाजूला घेतला.